समुद्रावरचा शनिवार-रविवार: आधी तिथी बघा, मग काय करायचं ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्यात राहता. घरात तुम्ही दोघं, ६ आणि ११ वर्षांची मुलं, आणि ७२ वर्षांच्या आई, ज्यांचे गुडघे दुखतात. मागच्या वर्षी दोन दिवसांत जंजिरा, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असं सगळं उरकलंत आणि रविवारी रात्री ताम्हिणी घाटात गाड्यांच्या रांगेत बसून सगळेच एकमेकांवर चिडलात. आता डिसेंबरात पुन्हा यायचंय, पण साधेपणानं, फार खर्च न करता. आणि मुलं विचारतायत, दोन दिवस नुसतं समुद्रावर करायचं तरी काय?

मी दिवेआगरला राहते. २२ वर्षं झाली, आमच्या वाडीतल्या चार खोल्यांत पाहुणे उतरतात. मूळची मी घाटावरची. लग्न होऊन आले तेव्हा समुद्र मला सहलीपुरताच माहीत होता, म्हणून तुमच्या मुलांचा प्रश्न मला अगदी आपला वाटतो. पहिल्या वर्षी मीही सासऱ्यांना विचारलं होतं, ‘आप्पा, इथे संध्याकाळी करतात काय?’ त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, ‘आज तिथी काय ते बघ, मग सांगतो.’

तिथूनच सुरुवात करते. पाहुणे फोनवर विचारतात, एसी आहे का, समुद्र किती मिनिटांवर, आसपास बघायला काय. पाणी किती वाजता भरणार आणि किती वाजता उतरणार, हे कोणी विचारत नाही. तुमचे दोन दिवस कसे जातील हे खरं त्याच्यावर ठरतं. तीच पुळण सकाळी सहाला दोनशे पावलं रुंद असते आणि दुपारी बाराला सुरूच्या झाडांपर्यंत पाणी आलेलं असतं. मुलं येतात ती नेमकी बाराला, रणरणत्या उन्हात आणि उधाणाच्या पाण्यात. मग आईवडील ओरडत राहतात आणि तासाभरात सगळे खोलीत परत.

आप्पांनी मला शिकवलेला हिशोब सगळ्या कोकण किनाऱ्याला पाठ आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला पाणी पुरतं भरलेलं. अष्टमी असेल तर सहा, दोन्ही वेळा. द्वादशीला नऊ. पौर्णिमा आणि अमावास्येला साडेअकरा-बारा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, जिला आमच्याकडे सुकती म्हणतात. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तासाने पुढे. अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो, पण सहल ठरवायला हे पुरे आहे. तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाला हा हिशोब गाडीतच शिकवा. पाढ्यांचा असा उपयोग त्याने कधी पाहिला नसेल, आणि दोन दिवस घरातला भरतीवाला तोच होऊन बसेल.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग यांची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य दोघांची ओढ एका रेषेत येते. मग आपल्या किनाऱ्यावर पाणी साडेतीन-चार मीटर चढतं आणि उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोन्ही ओढी काटकोनात असतात, म्हणून चढउतार दीड-दोन मीटरचा. तो भांग. तेवढ्याच सहा तासांत दुप्पट पाणी आत-बाहेर होणार म्हटल्यावर उधाणाला प्रवाह किती जोराचा असेल ते लक्षात येईल. शिवाय पाणी सहाही तास एकसारखं सरकत नाही. पहिल्या तासात हळू, तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जोरात, आणि शेवटी पुन्हा हळू.

आता तुमचं. तुम्ही कळवलेल्या शनिवारी सप्तमी आहे आणि रविवारी अष्टमी. तुमच्याबरोबर लहान मुलं आहेत आणि त्यांना पाण्यात खेळायचंय, त्यासाठी हे दिवस चांगले आहेत. भांगाचं पाणी शांत. शनिवारी पाणी सकाळी साडेअकराच्या सुमारास सुकेल आणि संध्याकाळी सव्वापाचला भरेल. म्हणजे तीन ते पाच, डिसेंबरातल्या उबदार उन्हात, पाणी हळूहळू किनाऱ्याकडे येत असताना मुलं पाण्यात असतील. पाण्यात जायचं ते भरतीच्या वेळी. पाणी परतायला लागलं की बाहेर. आमच्याकडची पोरं या एका नियमावर वाढतात.

याच जागी मी थोडी थांबते, कारण बाकी सगळं चुकलं तरी सहल होते, हे चुकलं तर होत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्याहून आलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. त्या संध्याकाळी आमच्याही गावात चुली पेटवायला कोणाचे हात उचलत नव्हते. आमच्या पाहुण्यांचाही एक बारा वर्षांचा मुलगा एकदा कमरेइतक्या पाण्यातून ओढला गेला होता. आई किनाऱ्यावर फोटो काढत होती. लाटांच्या रांगेत एक जागा सपाट, शांत दिसत होती, म्हणून तो मुद्दाम तिथे गेला. नेमकी तीच जागा धोक्याची. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि ज्या पट्ट्यातून ते आत जातं तिथे लाट फुटत नाही, म्हणून तो पट्टा शांत दिसतो. तिथे पाणी थोडं गढूळ असतं, फेस आतल्या बाजूला वाहत असतो. त्या मुलाला गावातल्या दोघांनी दोर आणि गाडीच्या ट्यूबवर बाहेर काढलं, तो वाचला. तेव्हापासून आमच्याकडे चहा देण्याआधी मी पाहुण्यांना पाच मिनिटं बसवते आणि हे सांगते. कंटाळतात कोणी कोणी, चालेल.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहायचं नाही. दमछाक होते आणि माणूस दमूनच बुडतो. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून हाक द्यायची, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर, बाजूला सरकायचं. ती ओढ काही पावलांच्या पट्ट्यापुरतीच असते. तुमच्या सहा वर्षांच्या लेकीसाठी गुडघा ही हद्द. मोठ्यासाठी कंबर, आणि तीही एक मोठं माणूस त्याच्या समुद्राकडच्या बाजूला उभं असेल तर. किनाऱ्यावर उभं राहून लक्ष ठेवणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे. दारू घेतलेल्या माणसावर मुलांची जबाबदारी देऊ नका. कोळी बंधू ‘आज नको’ म्हणाले तर कारण न विचारता ऐका.

आता दिवस कसा घालवायचा ते. शनिवारी पहाटे पाचला निघा. शुक्रवारी रात्री निघण्याचा मोह होतो, पण रात्रीचा ताम्हिणी घाट आणि मागे झोपलेली मुलं, त्यात काही आनंद नाही. मुळशीच्या धरणाशी उजाडेल, तिथे घरून आणलेला चहा आणि पोळीचा लाडू. मग ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन, आणि आमचं गाव. सुमारे १६० किलोमीटर आहे, आईंसाठी दोनदा थांबत या, दहा-साडेदहापर्यंत पोचाल. गाडी नसेल तर माणगावपर्यंत एस.टी., तिथून श्रीवर्धनकडची दुसरी.

आल्या आल्या समुद्राकडे धावू नका. ऊन वर आलेलं असतं. मुलांना वाडीत सोडा. शहरातल्या लोकांना वाटतं वाडी म्हणजे सावली आणि झोपाळा. वाडी म्हणजे काम. नारळ, पोफळी, त्यांच्यावर चढवलेल्या मिरवेली, मध्ये केळी आणि जायफळ, आणि या सगळ्यांना पाणी पोचवणारे पाट. शिंपणं चालू असतं तेव्हा एका आळ्यातलं पाणी भरलं की मातीचा बांध फोडून ते पुढच्या आळ्यात सोडायचं असतं. हे काम कुठलंही मूल तासभर आनंदाने करतं. चिखल होतो, होऊ द्या, विहिरीवर अंघोळ आहेच. पोफळीची गळालेली झावळी आणून तिच्या रुंद बुडावर धाकटीला बसवा आणि मोठ्याला ओढायला लावा. आमच्या पोरांची गाडी तीच होती.

हे लिहिताना ३ जून २०२० डोळ्यापुढे येतोच. निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. दोन-तीन तासांत आप्पांच्या हातच्या पोफळी मधोमध मोडून पडल्या. वाडीतून एरवी कधीही न दिसणारा समुद्र त्या संध्याकाळी ओटीवरून दिसत होता. पोफळ लावल्यापासून सुपारी धरेपर्यंत सहा-सात वर्षं जातात. आम्ही त्याच पावसाळ्यात रोपं लावली, आणि पुढच्या दोन वर्षांत जी जी मुलं पाहुणी म्हणून आली त्यांनी त्यांना पाणी घातलं. अजून काहींचे फोन येतात, माझं झाड केवढं झालं म्हणून. म्हणून मी म्हणते, मुलांना ‘बघायला’ नेऊ नका, काहीतरी हाताने करायला द्या. जे हातून होतं ते त्यांच्या लक्षात राहतं.

आईंचा विचार वेगळा करा, आणि आधी करा. खोली ठरवतानाच विचारा: तळमजला आहे का, कमोड आहे का, ओटीला पायऱ्या किती आणि धरायला कठडा आहे का, रात्री बाथरूमला बाहेर यावं लागतं का. संकोच करू नका, हे विचारणाऱ्या माणसाबद्दल आम्हाला बरंच वाटतं. वीज जाते, म्हणून बॅटरी त्यांच्या उशाशी. कोरड्या भुसभुशीत वाळूत गुडघेदुखीचं माणूस दहा पावलंही चालू शकत नाही आणि मग म्हणतं, तुम्ही जाऊन या, मी बसते. पण पाणी नुकतंच सोडून गेलेली ओली वाळू फरशीसारखी टणक असते. तेवढी मधली वीस-तीस पावलं दोघांनी हात धरून पार करा, बरोबर एक प्लास्टिकची खुर्ची घ्या, आणि त्यांना थेट ओल्या वाळूवर न्या. मग त्या आपल्या आपण चालतील, थांबतील, पावलांवर पाणी घेतील. खुर्ची पाण्यात मात्र ठेवायची नाही, पायाखालची वाळू सरकते.

आणि दुपारी त्यांना खोलीत बसवून ठेवू नका. ज्या घरात उतराल तिथल्या म्हाताऱ्या बाईंशी त्यांची गाठ घालून द्या. दोन वर्षांपूर्वी सोलापूरकडच्या एक आजी आमच्याकडे आल्या होत्या. समुद्र त्यांनी जेमतेम अर्धा तास पाहिला. उरलेले दोन दिवस सासूबाईंबरोबर माजघरात बिरडं सोलत बसल्या. मोड आलेल्या वालाचं साल बोटाच्या चिमटीत काढायचं, दाणा मोडू द्यायचा नाही, हे त्यांना नवीन होतं. त्यांनी सासूबाईंना शेंगदाण्याच्या चटणीचं प्रमाण सांगितलं. निघताना दोघी एकमेकींना नाव घेऊन हाक मारत होत्या. त्या दोघींचे फोन अजून चालू आहेत.

जेवणाबद्दल. साधं मागा. शनिवार-रविवारी सगळ्यांना सुरमई आणि पापलेटच हवं असतं, म्हणून तेच महाग होतं. तुम्ही बांगडा मागा, मांदेली मागा, मुडदुशी मिळाली तर सोडू नका. एक लक्षात ठेवा, भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद म्हणून डोलीच्या जाळ्यांना, म्हणजे प्रवाहात एका जागी बांधून ठेवलेल्या जाळ्यांना, मासळी कमी लागते. बोंबील, जवळा ताजा मिळेलच असं नाही. घरच्या बाई ‘आज चांगली नाही’ म्हणाल्या तर त्या खरं सांगतायत. आमच्या घरी शाकाहारी ताट असतं: तांदळाची भाकरी, बिरड्याची उसळ, वरणभात, सोलकढी, कधी केळफुलाची भाजी. मुलांना पहिल्या दिवशी सोलकढी आवडत नाही, दुसऱ्या दिवशी दोन वाट्या जातात. सकाळी घावन आणि नारळाची चटणी. रात्री हलकं, मऊभात आणि कुळथाचं पिठलं, कारण दिवसभर वाऱ्यात राहून पोटापेक्षा झोप जास्त आलेली असते.

पाचपर्यंत पाण्यात खेळून झालं की मुलांचं अंग पुसून कोरडे कपडे घाला. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो आणि वारा लगेच गार होतो. सुरूच्या बनाशी बसा. तिथे घोडागाडी, उंटगाडी, पाण्यावरच्या मोटारी सगळं असतं; मुलं मागतील. एकदा द्या, पण संध्याकाळ त्यातच घालवू नका. उत्तरेकडे पंधरा मिनिटं चाललात की गर्दी संपते. आमचा किनारा चार-पाच किलोमीटरचा आहे आणि गर्दी असते ती वाटांच्या तोंडाशी. हिवाळ्यात कुरव पक्षी शेकड्यांनी येऊन बसतात, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. मुलांना त्यांच्यात धावत जाऊ देऊ नका. लांबून आलेले, थकलेले पक्षी असतात ते. दहा पावलांवर बसून राहिलात तर हळूहळू तेच जवळ येतात.

आणि कृपा करून गाडी वाळूवर आणू नका. एका कुटुंबाने चार वर्षांपूर्वी संध्याकाळी चारला ओल्या वाळूवर गाडी लावली आणि खायला गेले. भरती चढत होती. ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दारापर्यंत होतं. गाडीचं जे झालं ते झालं, पण गाडी ज्या कोरड्या वाळूतून खाली उतरते तिथे कासवं अंडी घालतात, आणि चाकाखाली दबलेली वाळू पिलांना फोडता येत नाही.

रविवारची सकाळ माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची. अष्टमी, म्हणजे सहाला भरती. सातला उजाडेल तेव्हा पाणी परतायला लागलेलं असेल. आपला सूर्य डोंगरामागून उगवतो, म्हणून किनाऱ्यावर बराच वेळ सावली असते आणि समुद्र मात्र उजळलेला. आता पाण्यात उतरायचं नाही, त्याच्या मागोमाग चालायचं. आठ-साडेआठच्या सुमारास ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांच्या रांगोळ्या दिसू लागतील. मध्ये एक भोक आणि त्याभोवती किरणांसारख्या पसरलेल्या शेकडो गोळ्या. नखाएवढे खेकडे वाळू तोंडात घेऊन तिच्यातलं अन्न काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. पाणी सुकलं की रांगोळी, पाणी आलं की पुसली, पुन्हा नवी, दिवसातून दोनदा. मुलांना म्हणावं, पाच मिनिटं न हलता बसा. खेकडा बाहेर येतो आणि काम सुरू करतो. मी बावीस वर्षं हे बघतेय आणि अजून उभी राहते.

शंख-शिंपले वेचताना आत कोणी राहतंय का ते बघायला शिकवा. शंख तळहातावर ठेवून गप्प राहायचं, पाय बाहेर आले तर परत ठेवायचा. निळसर फुग्यासारखं काही वाळूवर दिसलं तर हात लावायचा नाही. पावसाळ्यात ते जास्त दिसतं, पण सवय असलेली बरी. चुकून दंश झालाच तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं आणि मग सोसेल इतक्या गरम पाण्यात हात-पाय धरायचा. धाप लागली किंवा सूज वाढली तर थेट डॉक्टर. बोर्लीला दवाखाने आहेत, मोठं काही असेल तर श्रीवर्धन किंवा माणगाव.

न्याहारीनंतर गावातून चक्कर मारा. सुवर्णगणेशाचं देऊळ, रूपनारायणाची देखणी मूर्ती. मुलांना सांगा, या गावात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा मराठी ताम्रपट सापडला. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी तो एक आहे. ते ज्या भाषेत भांडतात ती भाषा इथे जवळजवळ हजार वर्षांपूर्वी तांब्यावर कोरली गेली होती, हे ऐकून मोठा नक्की थांबेल. वेळ आणि उत्साह उरला तर श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्याने भरडखोलपर्यंत जाऊन या. होड्या, वाळत घातलेली मासळी, जाळी विणणारे हात. वासाला नाक मुरडायचं नाही एवढं मुलांना आधी सांगून ठेवा, ती लोकांची रोजीरोटी आहे.

हरिहरेश्वर या वेळी सोडा. तिथली समुद्राकडची प्रदक्षिणा फक्त सुकतीला करायची असते, खडकांतून उतरून. अष्टमीला सुकती भर दुपारी बाराला येते, पाय भाजतात, आणि आईंना ते जमणार नाही. लाटेने ओढून नेलेली माणसं आहेत तिथे, वेळ साधून जायचं ठिकाण आहे ते. जंजिराही सोडा. एक गाव, एक घर, एक किनारा. गाडी शनिवारी लावली की रविवारीच बाहेर काढायची असं ठरवूनच या.

रविवारी जेवून दीड-दोनला निघा. संध्याकाळच्या समुद्रासाठी थांबलात की मागच्या वर्षीची ताम्हिणी पुन्हा भोगावी लागेल. सोमवारची सुट्टी मिळत असेल तर मात्र रविवारी रात्री राहाच. तीननंतर गाव रिकामं होतं, आणि दिवेआगर खरं कसं आहे ते त्या संध्याकाळी दिसतं.

हे जमलं तर पुढच्या वेळी जानेवारीतली पौर्णिमा धरा. त्या दिवसांचं गणित बरोबर उलटं असतं. भर दुपारी पाणी, आणि पहाटे-संध्याकाळी सुकती. मुलांना डुंबायला ते दिवस बरे नाहीत, पण संध्याकाळी सहाला अख्खा किनारा उघडा पडलेला असतो. क्रिकेट, लांब चालणं, आणि सूर्य बुडतानाच मागून चंद्र. शिवाय तोवर वालाच्या शेंगा भरलेल्या असतात, म्हणजे पोपटी. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा, म्हणजे एका रानझुडपाचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, कोणाला अंडी किंवा कोंबडी हवी तर तीही, वरून पुन्हा पाला दाबून मडकं उपडं करायचं आणि भोवती पालापाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही. अर्ध्या-पाऊण तासाने वास बदलतो, तेव्हा मडकं उघडायचं. शेतातल्या गार हवेत, शेकोटीभोवती बसून हाताने सोलून खायचं. रायगड जिल्ह्यातल्या माणसाला हिवाळा म्हटलं की हेच आठवतं.

मार्चमध्ये यायचं असेल तर बागमांडल्याहून जंगलजेटीने वेश्वीला उतरा आणि वेळासला जा. गाडीसकट होडीत बसणं हीच मुलांना अर्धी सहल वाटते. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, पन्नासेक दिवसांनी पिलं, आणि ती सकाळ-संध्याकाळी समुद्रात सोडतात. पिलं त्या दिवशी निघतीलच असं कोणी सांगू शकत नाही, हे मुलांना घरीच सांगून ठेवा. राहणं अगदी साधं, गावकऱ्यांच्या घरात. मे महिन्यात आंबा असतो, पण उकाडा आणि गर्दी तुमच्या आईंना सोसायची नाही. जून ते सप्टेंबर समुद्रात पाय घालायचा नाही. यांत्रिक होड्यांची मासेमारीसुद्धा जून-जुलैत बंद असते. पण जुलैत लावणी बघायला जरूर या, भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभं राहून चार रोपं लावल्यावर मुलं ताटातला भात वेगळ्या नजरेने बघतात. नाताळ ते ३१ डिसेंबर मात्र कोकणात येऊच नका, आमच्या रस्त्यांना ती गर्दी पेलत नाही.

आणायचं काय: रोख पैसे, बॅटरी, आईंची औषधं एक दिवसाची जास्त, मुलांच्या कपड्यांचे तीन जोड, टोप्या, एक जुनी चादर वाळूवर अंथरायला, आणि कचरा परत न्यायला एक पिशवी. खेळणी नकोत.

आणि ज्या घरी उतराल तिथे शुक्रवारी एक फोन करा. किती वाजता पोचणार आणि कोण काय खात नाही ते सांगा. आईंना तिखट चालत नसेल तर तेही. उकडीचे मोदक हवे असतील तर तेव्हाच सांगायचे, म्हणजे शनिवारी सकाळी झाडावरून ताजा नारळ उतरवता येतो.